माणूस गाव बदलतो, खटला बदलत नाही



मी वकील नव्हे. माझे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कामगारांचे अर्ज लिहिताना आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बसून झाले. तेव्हा आज कायद्याचा जो कोपरा तुमच्यापुढे मांडतो आहे, तो पक्षकाराच्या शेजारी बाकावर बसणाऱ्याच्या नजरेने. प्रश्न असा की, माणूस पोटासाठी गाव सोडतो तेव्हा त्याचा खटला, किंवा त्याच्यावरची न्यायालयाची देखरेख, त्याच्याबरोबर जाते काय?

आपोआप जात नाही. सारी गोम येथेच आहे.

प्रथम दिवाणी दावा घेऊ. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ प्रमाणे जिल्हा न्यायालय आपल्या हाताखालच्या एका न्यायालयातून दुसऱ्यात दावा नेऊ शकते. उच्च न्यायालयालाही आपल्या कक्षेत तो अधिकार आहे. राज्याची हद्द ओलांडायची तर कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयाकडेच जावे लागते. फौजदारीतही पायऱ्या अशाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सर्वोच्च न्यायालयासाठी कलम ४४६, उच्च न्यायालयासाठी ४४७ आणि सत्र न्यायाधीशांसाठी ४४८ आहे. एकाच सत्र विभागातली बदली हवी असेल, तर आधी सत्र न्यायाधीशांकडे अर्ज करावा. तो फेटाळला गेला तरच उच्च न्यायालयाचे दार उघडते.

कारण मात्र सबळ हवे. ‘मला लांब पडते’ एवढ्याने भागत नाही, कारण एकाला जवळ आणलेले न्यायालय दुसऱ्याला लांब जाते. मुंबईतला अब्रुनुकसानीचा खटला दिल्लीला न्यावा, अशी मागणी मनेका गांधी यांनी केली होती. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. न्याय्य सुनावणीची हमी, हीच खरी कसोटी ठरली. उलट बडोद्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणी साक्षीदारांवरील दडपणाचा प्रश्न आला, तेव्हा २००४ साली त्याच न्यायालयाने फेरसुनावणी महाराष्ट्रात घेण्यास सांगितले आणि ती मुंबईत झाली.

आता देखरेखीचे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली न्यायालय दोषी माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते आणि परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते. घाटावरच्या एका गावातला यंत्रमाग कामगार असाच सुटला होता. पुढे माग बंद पडले, भिवंडीत काम मिळाले. त्याने मला विचारले, “साहेबांना कळवायला हवं का, दादा?” मी म्हणालो, “तू काही गुन्हा करायला चालला नाहीस. जा बिनधास्त.” चार महिन्यांनी वॉरंट निघाले. राहण्याच्या जागेची अट मोडली होती. तो कामावरून उठून आला, चार दिवसांचा रोज बुडाला. चूक त्याची नव्हती, माझी होती.

त्या रात्री मी तो कायदा पहिल्यांदा नीट वाचला. कलम ८ प्रमाणे परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून न्यायालय बंधपत्राच्या अटी बदलू शकते. मात्र त्यापूर्वी त्या माणसाचे व जामीनदाराचे म्हणणे ऐकावे लागते. कलम १३ प्रमाणे मूळ न्यायालय, किंवा तो माणूस सध्या जेथे राहतो तेथील जिल्हा दंडाधिकारी, दुसरा परिवीक्षा अधिकारी नेमू शकतो. म्हणजे देखरेख करणारा बदलता येतो. बंधपत्र मात्र मूळ न्यायालयाचेच राहते. अट मोडली तर कलम ९ खाली मूळ गुन्ह्याची शिक्षाही होऊ शकते. पहिल्याच चुकीला न्यायालय ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकते. आमच्या माणसाला दंडच झाला आणि पुढची देखरेख त्याच्या नव्या मुक्कामी लावून मिळाली.

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. बिऱ्हाड हलवण्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याला गाठा. नवा पत्ता आणि कामाच्या ठिकाणचा दाखला लेखी द्या, पोच घ्या, आणि न्यायालयाचा हुकूम हाती येईपर्यंत जुन्या ठिकाणची हजेरी चुकवू नका. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मदतीसाठी अर्ज करता येतो. आणि माझ्यासारखा कोणी कार्यकर्ता “जा बिनधास्त” म्हणाला, तर त्याला एकदा विचारा, “दादा, कागद वाचलात का?”