अदृश्य मोकळी जागा आणि संगणकीय तपासणी

चंदगड हे कोल्हापूर जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या डोंगराळ प्रदेशातील तालुक्याचे ठिकाण होय. हे नाव संगणकात नोंदविताना शेवटी अनवधानाने एक मोकळी जागा राहिली, तर वाचणाऱ्यास काहीच फरक दिसत नाही. संगणक मात्र ही दोन भिन्न नावे मानू शकतो. परिणामी शोध घेऊनही नोंद सापडत नाही आणि गोषवाऱ्यात एकाच गावाच्या दोन ओळी उमटतात.

म्हणूनच संगणकीय आज्ञावलींचे संच वितरणापूर्वी आपोआप तपासणारी साधने अशा जागा निदर्शनास आणतात. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘डेबियन’ या मुक्त प्रणालीच्या ‘लिंटियन’ नामक तपासनिसाने ओळीअखेरची मोकळी जागा गंभीर चूक न मानता किरकोळ सूचनांच्या वर्गात ठेवली. हे धोरण योग्यच होय. क्षुल्लक सूचनांचा भडिमार झाला, की खऱ्या दोषाकडेही दुर्लक्ष होते.

शिवाय, प्रत्येक अदृश्य खूण निरर्थक नसते. ‘मार्कडाउन’ लेखनपद्धतीत ओळीअखेरच्या दोन मोकळ्या जागा पुढील मजकूर नव्या ओळीवर नेतात. मराठीतील अर्धा ‘र’ उमटविण्याच्या एका प्रचलित पद्धतीत शून्य रुंदीचे, डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह वापरले जाते. ते केर समजून काढून टाकल्यास चंदगडच्या डोंगरांतील ‘दऱ्या’ ‘दर्या’ बनतील. दरीच्या जागी समुद्र येईल!

तात्पर्य, तपासनिसाने दोष दाखवावा, परस्पर पुसू नये. नोंदीची ओळख बिघडविणारी जागा चूक ठरवावी, अन्यत्र केवळ सूचना द्यावी आणि अंतिम निर्णय भाषा व विषय जाणणाऱ्या माणसाकडे सोपवावा.