पंखावरचा पारदर्शक बर्फ

विमान उडण्यापूर्वी वैमानिक किंवा तंत्रज्ञ हातात विजेरी घेऊन त्याच्याभोवती जी सावकाश प्रदक्षिणा घालतो, तिच्याकडे खिडकीशी बसलेल्या प्रवाशाचे लक्ष क्वचितच जाते. परंतु चाके, इंजिनांची तोंडे, पंखांच्या कडा आणि हवेचा दाब मोजणाऱ्या नळ्या न्याहाळीत तो पुन्हा विमानाच्या नाकापाशी येऊन पोहोचतो, तेव्हा आतल्या सर्व जिवांचा जिम्मा त्याने आपल्या शिरावर घेतलेला असतो. गळणारे तेल दिसते, झिजलेला टायर दिसतो. बर्फ मात्र दर वेळी दिसतोच असे नाही, आणि त्याच्या बाबतीत नुसत्या नजरेवर भिस्त ठेवणे किती महागात पडते, याचा दाखला स्वीडनच्या हवाई इतिहासात नमूद आहे.

27 डिसेंबर 1991 रोजी सकाळी स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावरून कोपनहेगनकडे निघालेले स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे एमडी-81 विमान आदल्या रात्री झुरिकहून आले होते व रात्रभर उघड्यावर उभे होते. उंचावरील अतिशीत हवेतून आल्यामुळे पंखांच्या टाक्यांत उरलेले इंधन शून्याखाली उतरले होते, आणि त्या टाक्यांवरच्या पत्र्यावर जी ओल आली, ती जागच्या जागी गोठून गेली. असा बर्फ काचेसारखा स्वच्छ असतो; ओल्या पत्र्याच्या चकाकीहून त्याची चकाकी वेगळी ओळखता येत नाही. सकाळी बर्फ वितळविणाऱ्या तप्त द्रावणाची सुमारे 850 लिटर फवारणी झाली. तंत्रज्ञाने शिडीवर चढून पंखाचा पुढला भाग हाताने चाचपून पाहिला होता. परंतु बर्फ धरला होता तो मागे, पंखाच्या बुंध्याकडे, जेथवर हात पोहोचला नव्हता, आणि फवारणीनंतर पुन्हा चाचपणी झाली नाही.

या जातीच्या विमानाची इंजिने शेपटीजवळ, पंखांच्या बुंध्यामागे बसविलेली असतात. जमीन सोडताना पंख भाराने वाकतात, बर्फाचे पापुद्रे सुटतात आणि थेट इंजिनांत खेचले जातात. त्यांच्या आघाताने पंख्याची पाती विद्रूप झाली, की हवेचा ओघ विस्कटून इंजिन धडाके देऊ लागते. त्या दिवशी उड्डाणानंतर पंचवीस सेकंदांत हे धडाके सुरू झाले. विमानात इंजिनांची शक्ती आपोआप वाढविणारी एक यंत्रणा होती, तिची वैमानिकांना कल्पनाच नव्हती; तिने जायबंदी इंजिनांना अधिकच राबविले, आणि सुमारे एक हजार मीटर उंचीवर दोन्ही बंद पडली. कप्तान स्टेफान रासमुसेन यांनी गोट्रॉरा गावाजवळच्या शेतात विमान उतरविले. त्याचे तीन तुकडे झाले, तरी आतील सर्व 129 माणसे वाचली.

कप्तानाचे कौतुक झाले ते यथार्थच होते. मला मात्र या हकिकतीत अधिक विचार करण्याजोगी वाटते ती शिडीवरची घटका. एका माणसाची कसूर दाखवून दप्तर बंद करणे सोपे होते. चौकशी मंडळाने तसे न करता ठपका ठेवला तो कंपनीच्या सूचनांवर व कार्यपद्धतीवर, कारण पारदर्शक बर्फ खरोखर निघाला की नाही, याची खातरजमा करण्यास त्या अपुऱ्या होत्या.

बर्फ इंजिनाची खबर देणाऱ्या साधनालाही फसवितो. 13 जानेवारी 1982 रोजी वॉशिंग्टनमध्ये हिमवर्षावात उडालेल्या एअर फ्लोरिडाच्या विमानात इंजिनांची बर्फनिवारक यंत्रणा चालू केलेलीच नव्हती. दाब मोजणारी नळी गोठल्यामुळे काटा उड्डाणाला पुरेशी शक्ती दाखवीत राहिला, प्रत्यक्ष जोर फार कमी होता, आणि पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून झालेल्या त्या अपघातात 78 माणसे मृत्युमुखी पडली. उष्ण देशातील वैमानिकानेही निर्धास्त राहू नये: लहान विमानाच्या कार्बुरेटरमध्ये इंधनाची वाफ होताना तापमान इतके घसरते, की बाहेर 20 अंश सेल्सिअसची दमट हवा असतानाही आत बर्फ धरू शकतो.

गोट्रॉरानंतर एमडी-80 वर्गातील विमानांच्या पंखांना थंडीच्या दिवसांत प्रत्यक्ष हात लावून पाहावे, असा हुकूम अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने काढला. पुढे यांतील काही विमानांच्या पंखांवर, टाक्यांच्या नेमक्या वरच्या भागात, विजेने तापणारे पातळ पडदेही बसविण्यात आले.