परत जाणाऱ्यांची गोष्ट

१९८३ साली अठरा वर्षांची एक इंग्रज मुलगी हैतीत उतरली. शाळा संपलेली, पुढचं शिक्षण सुरू व्हायचं होतं, आणि मधल्या काळात कुणाच्या तरी उपयोगी पडावं, एवढाच विचार. ‘आय केअर हैती’ नावाची संस्था खेड्यापाड्यांत डोळे तपासणीची शिबिरं घ्यायची. तिच्या कामात पडेल ते करायला ही मुलगी मध्य पठारावरच्या मिरबाले गावात राहिली. तिला डॉक्टरकी येत नव्हती. मुलीचं नाव ऑफिलिया डाल. बरोबर अठरा वर्षांनी, २००१ मध्ये, ती ‘पार्टनर्स इन हेल्थ’ या आंतरराष्ट्रीय आरोग्यसंस्थेची कार्यकारी संचालक झाली आणि २०१५ पर्यंत त्या पदावर राहिली.

शिकत्या वयात परदेशी जाऊन आरोग्यसेवा करणारी मुलं आज हजारोंनी आहेत. त्यांतली बहुतेक दोन-चार आठवड्यांत घरी येतात आणि विषय संपतो. ऑफिलियाचा का संपला नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

डाल हे आडनाव वाचकांच्या ओळखीचं असेल. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ लिहिणाऱ्या रोआल्ड डाल यांची ही मुलगी. पण वडिलांच्या कीर्तीपेक्षा त्या घराने आजारपणाशी जे दोन हात केले, ते मला या गोष्टीत जास्त मोलाचं वाटतं. ऑफिलियाच्या जन्माआधी, १९६२ मध्ये, तिची सात वर्षांची बहीण गोवराने गेली. १९६५ मध्ये आईला, ऑस्कर मिळवलेली अभिनेत्री पॅट्रिशिया नील हिला, पक्षाघाताचे झटके आले. ऑफिलिया तेव्हा वर्षाचीही नव्हती. आईची वाचा गेली, चालणं गेलं. वडिलांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. गावातली साधी माणसं रोज घरी यायची आणि तिच्याकडून शब्द, वाचन, आकडे घोटून घ्यायची. तीनच वर्षांत नील पुन्हा पडद्यावर दिसली. शेजाऱ्यांच्या त्या पद्धतीवरून पुढे ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या रुग्णांसाठी स्वयंसेवकांची योजना उभी राहिली. निदान आणि औषध झाल्यावरही आजाऱ्याच्या दारात कुणीतरी रोज यावं लागतं, हे या मुलीच्या घरातच घडून गेलं होतं.

मिरबालेत तिला पॉल फार्मर भेटला. तेवीस वर्षांचा अमेरिकन तरुण. ड्यूक विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकून आलेला, हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवण्याच्या वाटेवर. त्याच भागात फ्रिट्झ लाफोंतां हे हैतियन धर्मगुरू कांज नावाच्या वस्तीत शाळा वगैरे कामं उभी करत होते. कांजची कहाणी मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. १९५६ मध्ये आर्तिबोनित नदीवर पेलिग्रचं धरण झालं, खोऱ्यातली सुपीक जमीन पाण्याखाली गेली, आणि शेतकरी कुटुंबं वरच्या उजाड, खडकाळ डोंगरावर जाऊन बसली. वीज राजधानीकडे गेली. धरणग्रस्तांच्या हाती ना पाणी आलं, ना दिवा.

फार्मरने १९८४ मध्ये हार्वर्डला प्रवेश घेतला, पण बॉस्टनमध्ये तो परीक्षांपुरता असायचा. बाकीचा वेळ कांजमध्ये. १९८५ मध्ये तिथे छोटा दवाखाना सुरू झाला. त्याआधी एक काम झालं, ज्याची चर्चा कमी होते. थोडंफार शिकलेल्या हैतियन तरुणांना बरोबर घेऊन त्याने घरोघर माहिती गोळा केली: किती जन्म, किती मृत्यू, कोण कशाने गेलं. ‘आम्ही काय देणार’ हे ठरवण्याआधी ‘इथे माणसं कशाने मरतात’ हे विचारलं गेलं. परदेशी मदतीत हा क्रम नेहमी उलटा लागतो, आणि सगळा बिघाड तिथूनच सुरू होतो.

ऑफिलिया इंग्लंडला परतली आणि पुन्हा हैतीला आली. मग पुन्हा. १९८७ मध्ये बॉस्टनमध्ये ‘पार्टनर्स इन हेल्थ’ची स्थापना झाली. संस्थापकांत फार्मर, ऑफिलिया, फार्मरचा वर्गमित्र जिम याँग किम, मित्र टॉड मॅकॉर्मॅक आणि बॉस्टनचे बांधकाम कंत्राटदार टॉम व्हाइट होते. व्हाइट यांनी आपली बहुतेक संपत्ती अशा कामांत देऊन टाकली. हैतीतली जुळी संस्था ‘झानमी लासांते’. क्रेयोलमध्ये अर्थ तोच, आरोग्याचे सोबती.

ऑफिलिया डॉक्टर झाली नाही. फार्मर रुग्ण पाहायचा. पैसा कुठून येणार, कुठे जाणार, कोणतं आश्वासन झेपेल आणि कोणतं नाही, ही बाजू ती पाहू लागली. वेलस्ली कॉलेजची पदवी तिने १९९४ मध्ये घेतली, वयाच्या तिसाव्या वर्षी. संस्था तोवर सात वर्षांची झाली होती. स्टेथोस्कोप गळ्यात असलेल्या माणसाचा फोटो छापला जातो. औषधांची खेप महिना संपायच्या आत पोचावी म्हणून झटणाऱ्याचा छापत नाहीत. पण खेप पोचली नाही तर त्या स्टेथोस्कोपने काय होणार?

या गटाच्या विचाराचा कणा ठरलेला प्रसंग क्षयरोगाचा आहे. औषधं फुकट देऊनही कांजचे काही रुग्ण दगावत होते. गावकरी करणी मानतात म्हणून गोळ्या घेत नाहीत, हा सोपा खुलासा तयार होता. तेव्हा रुग्णांचे दोन गट करून पाहिले गेले. एका गटाला फक्त मोफत औषधं. दुसऱ्याला औषधांबरोबर दरमहा थोडी रोख रक्कम, आहार आणि प्रवासखर्चासाठी, शिवाय गावातलाच आरोग्य कार्यकर्ता नियमित घरी येणार. पहिल्या गटात ४८ टक्के रुग्ण बरे झाले, दुसऱ्यात सगळे. आणि आजार जंतूंनी होतो की करणीने, याबद्दल रुग्ण काय मानतो, त्याने निकालात फरक पडला नाही. करणीवर विश्वास ठेवणारेही बरे झाले, कारण त्यांच्या पोटात अन्न होतं आणि दारात माणूस येत होता.

त्या माणसाला तिथे ‘आकोंपान्यातर’ म्हणतात, म्हणजे सोबत चालणारा. तो शेजारीच असतो, त्याला कामाचा मोबदला मिळतो, आणि रुग्णाच्या घरात चूल पेटली की नाही हेही तो पाहतो. आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच ओळखलं होतं. अमेरिकेत शिकून आलेल्या या दांपत्याने अक्षरओळख नसलेल्या, अनेकदा दलित कुटुंबांतल्या बायकांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यांच्या कामाची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्येच घेतली होती. जामखेड आणि कांज यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी आहे, तरी दोन्हीकडे उत्तर गावातल्याच माणसात सापडलं.

१९९८ पासून कांजमध्ये एचआयव्हीच्या गरीब रुग्णांना मोफत औषधं देणं सुरू झालं. तेव्हा एका रुग्णाचा वर्षाचा औषधखर्च दहा हजार डॉलरच्या घरात होता. गरीब देशांत हे शक्यच नाही, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. २००१ मध्ये अमेरिकी मदतसंस्थेचे प्रमुख तर जाहीरपणे म्हणाले की आफ्रिकेतल्या लोकांना घड्याळाच्या वेळा पाळून गोळ्या घेणं जमणार नाही. कांजमध्ये आकोंपान्यातर घरी जाऊन ते रोज जमवत होते.

त्याच वर्षी डाल यांनी सूत्रं हाती घेतली. त्यांच्या काळात संस्थेचं काम रवांडा, लेसोथो, मलावी अशा देशांत पोचलं. तिथल्या सरकारी आरोग्ययंत्रणेला टाळून समांतर दवाखाने थाटायचे नाहीत, तिच्याच बरोबरीने काम करायचं, ही दिशा राहिली. कर्मचारी बहुतांश त्या त्या देशातले. किम पुढे जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले, फार्मर जगभर ओळखले गेले. संस्था मात्र रोज सकाळी चालू ठेवायची असते, आणि ती डाल यांनी चालू ठेवली. माझ्या मते या तिघांत सर्वांत कमी सांगितली गेलेली आणि विद्यार्थ्यांना सर्वांत उपयोगाची गोष्ट त्यांचीच आहे.

सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणासाठी आणि सेवाकार्यासाठी आपली मुलंही आता परदेशी जातात. काही कंपन्या तर पैसे घेऊन अशा सहली आखतात: दोन आठवडे, एखादं आफ्रिकी किंवा लॅटिन अमेरिकी गाव, पांढरा कोट, लहान मुलांबरोबर फोटो, शेवटी प्रमाणपत्र. वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जात ते चांगलं दिसतं. त्यातला धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. इथे ज्या विद्यार्थ्याला कुणी सुईला हात लावू देणार नाही, तो तिथे टाके घालतो, कारण समोरचा रुग्ण गरीब आहे आणि तक्रार करणार नाही. तिथली परिचारिका आपलं काम सोडून पाहुण्यांना गाव दाखवते. पाहुणे गेल्यावर मधुमेहाच्या गोळ्या महिन्याभरात संपतात आणि पुढच्या कुठून आणायच्या, हे कुणी सांगितलेलं नसतं.

मुलाला किंवा मुलीला असं जायचं असेल तर पालकांनी तिकिटाआधी संस्थेला विचारावं की बोलावणं कुणाचं आहे, गावाचं की आयोजकाचं. तिथला प्रमुख स्थानिक आहे का, आणि आपल्या मुलाला त्याच्या हाताखाली काम करावं लागेल का, हेही विचारावं. जे काम इथे करायची परवानगी नाही ते तिथेही करणार नाही, हे मुलाकडून कबूल करून घ्यावं. भाषा शिकायला घ्यावी, निदान ‘कुठे दुखतंय’ आणि ‘जेवलात का’ एवढी तरी. आणि डॉक्टर होणं जमलं नाही तर आरोग्यसेवेत जागा नाही, हा समज काढून टाकावा. हिशेब, औषधसाठा, नोंदी, वाहतूक, भरती, अनुदानाचे अर्ज यांवर रुग्णालय उभं असतं आणि तिथे चांगल्या माणसांची फार गरज आहे.

पॉल फार्मर २१ फेब्रुवारी २०२२ रोजी रवांडातल्या बुतारो इथे झोपेत गेले, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. तेव्हाही ते तिथल्या रुग्णालयात काम करत होते.

ज्या मिरबालेत अठरा वर्षांची ऑफिलिया आली होती, तिथे जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर ३०० खाटांचं शिक्षण रुग्णालय उभं राहिलं आणि २०१३ मध्ये सुरू झालं. छतावर सौर पॅनेल बसवले. हैतीचे तरुण डॉक्टर तिथे विशेषज्ञ होण्याचं शिक्षण घेऊ लागले. मार्च २०२५ च्या अखेरीस सशस्त्र टोळ्यांनी मिरबालेवर हल्ला केला, तुरुंग फोडला, आणि एप्रिलमध्ये रुग्णालयाला कामकाज थांबवावं लागलं. झानमी लासांतेचं इतर ठिकाणचं काम सुरू राहिलं. ते चालवणारे डॉक्टर, परिचारिका आणि घरोघर जाणारे आकोंपान्यातर हैतीचेच आहेत.