ग्रॅज्युएशन रेट फक्त ४५ टक्के, म्हणजे शाळा वाईट?

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या अल्टरनेटिव्ह हायस्कूलचा आकडा ४५ टक्के दिसला, की शाळेत काही राम नाही असंच वाटतं. पण हा आकडा नेमकं काय मोजतो?

तिथं हायस्कूल ४ वर्षांचं, ९वी ते १२वी. मूल पहिल्यांदा ९वीत गेलं की घड्याळ सुरू. ४ वर्षांत डिप्लोमा मिळाला, तरच ते मोजलं जातं. या पद्धतीनं २०१०-११ मध्ये देशाचा दर ७९ टक्के होता, २०१९-२० मध्ये ८७.

गोम इथंच आहे. अल्टरनेटिव्ह शाळेत बहुतेक मागे पडलेली मुलं येतात. कुणी नापास झालेलं, कुणी नोकरी करणारं, कुणी लहान वयात आई झालेली. शाळा बदलली तरी घड्याळ मागे फिरत नाही.

समजा, बॅचमध्ये २० मुलं आहेत. ९ जणांनी वेळेत डिप्लोमा घेतला, ५ जणांनी पाचव्या वर्षी. २ जणांनी जीईडी ही समकक्ष परीक्षा दिली, ४ जणांनी शाळा सोडली. दर निघतो ४५ टक्के. पाचवं वर्ष धरलं तर तोच ७० होतो. जीईडीवाले दोन्हीकडे बाहेरच. शिवाय इथं एक मूल म्हणजे थेट ५ टक्के!

याचा फटकाही बसतो. २०१५ च्या केंद्रीय कायद्यानुसार एक तृतीयांश किंवा जास्त मुलं डिप्लोम्याविना राहिली, तर शाळा सुधारणेच्या यादीत जाते. १०० पेक्षा कमी पट असेल, तर राज्य सवलत देऊ शकतं.

त्यामुळे टक्का बघण्याआधी विचारा: किती मुलांपैकी आणि किती वर्षांत?