विश्लेषण : फुफ्फुसांतील ॲलर्जीला लगाम कोण घालते?

घरधुळीतील सूक्ष्म किड्यांची विष्ठा, परागकण, बुरशीचे बीजाणू हे सगळे श्वासावाटे प्रत्येकाच्याच फुफ्फुसांत जाते. तरी दमा काहींनाच होतो. याचे बरेचसे उत्तर धुळीपेक्षा रोगप्रतिकारक यंत्रणेत आहे. २०२५चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळालेल्या संशोधनाने या यंत्रणेच्या ‘ब्रेक’चाच उलगडा केला.

दम्यात नेमके काय बिघडते?

श्वासनलिकेचे अस्तर दुखावले की त्यातील पेशी आयएल-३३, टीएसएलपी असे धोक्याचे संदेश सोडतात. त्यासरशी ‘आयएलसी-२’ आणि ‘टीएच-२’ या पेशी कामाला लागतात. त्यांनी सोडलेल्या आयएल-५ मुळे इओसिनोफिल पेशींची गर्दी होते, आयएल-१३ मुळे चिकट कफ वाढतो, आयएल-४ मुळे ‘आयजीई’ प्रतिपिंडे तयार होतात. ही प्रतिपिंडे मास्ट पेशींवर जाऊन बसतात. तोच कण पुन्हा आला की मास्ट पेशी हिस्टामिनसारखी रसायने सोडतात, श्वासनलिका आवळतात आणि धाप लागते. एरवी जंतांशी लढणारी ही फौज निरुपद्रवी कणांवर तुटून पडते.

लगाम कोणाच्या हाती?

नियामक टी पेशींच्या, म्हणजेच ‘टी-रेग’च्या. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी दाखवून दिल्या, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांचा त्यावर विश्वास नव्हता. २००१ मध्ये मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘फॉक्सपी-३’ जनुक शोधले. पुढे याच जनुकावर टी-रेगची घडण अवलंबून असल्याचे स्पष्ट झाले. ते बिघडलेल्या बाळांना गंभीर अतिसार, मधुमेह आणि इसब होतो. आयजीईही वाढलेले असते. फुफ्फुसांत टी-रेग पेशी आयएल-१० सारखी दाह शमवणारी रसायने सोडतात आणि इतर टी पेशींच्या वाढीला लागणारे आयएल-२ स्वतःच शोषून घेतात.

गोठ्याचा संबंध काय?

अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची आनुवंशिक पार्श्वभूमी मिळतीजुळती आहे. आमिश घोड्यांनी शेती करतात, गोठे घराजवळ असतात. हटराइटांची शेती यांत्रिक. आमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आमिश घरांतील धुळीचा अर्क दिलेल्या उंदरांना दम्यापासून संरक्षण मिळाले. जंतूंचे अंश ओळखणारी जन्मजात प्रतिकारयंत्रणा निकामी केलेल्या उंदरांत मात्र तो परिणाम दिसला नाही. अर्थात, शहरातल्या धूर-धुळीला हा निष्कर्ष लागू करणे धोक्याचे ठरेल.

रुग्णांसाठी यात काय?

नळ्या सैल करणारा पंप धाप थांबवतो, दाह नाही. म्हणूनच ‘जिना’ या जागतिक दमा मार्गदर्शक संस्थेने २०१९ पासून प्रौढ व किशोरवयीनांना केवळ अशा पंपावर न ठेवता सोबत श्वासावाटे स्टेरॉइड देण्याची शिफारस केली. आपल्याकडे मात्र ‘पंपाची सवय लागते’ या समजुतीने बरे वाटताच नेमका स्टेरॉइडचाच पंप बंद होतो. गंभीर दम्यासाठी आयजीई, आयएल-५, टीएसएलपी यांना रोखणारी इंजेक्शने आली आहेत, पण ती महाग आहेत आणि बराच काळ घ्यावी लागतात.