आड उभ्या राहणाऱ्या गड्याचे मोल

व्यावसायिक कबड्डीचा पहिला लिलाव मे २०१४ मध्ये मुंबईत झाला, आणि त्यात पाटणा पायरेट्स या संघाने राकेश कुमारसाठी १२ लक्ष ८० हजार रुपयांची सर्वोच्च बोली लावली, तेव्हा आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आमच्या तालुक्यांत, जेथे पोरांना खेळाचा मोबदला म्हणून ढाल, बनियन आणि क्वचित एखादी रोख रक्कम मिळण्याचा शिरस्ता होता, तेथे या आकड्याकडे केवळ कुतूहलानेच नव्हे तर एका नव्या आशेने पाहिले गेले. त्यानंतर आजवर बारा हंगाम पार पडले. या बारा हंगामांच्या लिलावांचे आकडे पुढे ठेवून मागे दृष्टी टाकली असता चढाईपटूंचा भाव कसा चढत गेला हे कोणालाही सहज दिसते. परंतु मला ज्याचा मागोवा घ्यावयाचा आहे तो चढाईपटू नव्हे, कोपऱ्यातला पकडपटूही नव्हे, तर त्या कोपऱ्याच्या आतल्या बाजूस उभा राहून आपल्या देहाने प्रतिपक्षाची परतीची वाट अडविणारा कव्हरचा गडी होय, कारण त्याची पारख करणे हीच संघरचनेतील सर्वांत अवघड आणि सर्वांत उपेक्षित विद्या आहे, असे माझे दृढ मत झाले आहे.

त्याचे कार्य काय हे ज्याने खेळ केवळ दूरचित्रवाणीवर पाहिला आहे त्याला चटकन उमगत नाही. पुरुषांच्या क्रीडांगणाचा अर्धा भाग साडेसहा मीटर खोल असतो. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाई करणारा बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर झडप घालतो आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात. पण घोटा हाती आला म्हणजे पकड झाली असे नव्हे, कारण चढाईपटू तेवढ्यात अंग झोकून देतो, आणि त्याच्या देहाची लांबी व पसरलेला हात यांचा हिशेब केला तर मध्यरेषा त्याला वाटते तितकी दूर राहत नाही. त्या क्षणी, म्हणजे घोटा धरला गेल्यानंतरच्या अर्ध्या निमिषात, कव्हरचा गडी जर छाती आणि खांदा घेऊन त्याच्या वाटेत उभा राहिला नसेल, तर धरणारा आणि धावून आलेले सारेच बाद होतात आणि एका गुणाच्या आशेपायी तीन गडी गमवावे लागतात. याला मैदानावर ‘ब्लॉक’ म्हणतात. हाच गडी कधी चढाईपटूला धडक देऊन मैदानाबाहेर ढकलतो, कधी कोपऱ्याशी हात गुंफून साखळी राखतो, आणि पुष्कळदा तर काहीच करीत नाही. केवळ त्याच्या तेथे असण्यामुळे चढाईपटू आपली दिशा बदलतो, आणि ते न घडलेले आक्रमण कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही.

येथेच सगळ्या अन्यायाचे मूळ आहे. पकडीचा गुण एक. तो बहुधा पहिला हात घालणाऱ्याच्या नावे खतावला जातो. आपल्या जिल्ह्यातल्या सामन्यांतही, जे कापूस घरी आल्यानंतरच्या हिवाळी रात्री दिव्यांच्या झगमगाटात गावोगाव रंगतात, ‘उत्कृष्ट चढाई’, ‘उत्कृष्ट पकड’ आणि ‘अष्टपैलू खेळाडू’ अशी तीन बक्षिसे ठरलेली असतात. कव्हरला त्यांतले एकही सहसा मिळत नाही. तो बहुधा गावातला थोराड बांध्याचा, अबोल, शेतीकामाने खांदे रुंदावलेला मुलगा असतो, आणि तो त्या जागी उभा राहतो तो प्रायः कोणी त्याला तेथे उभे केले म्हणून.

लिलावापूर्वी निवड होत नसे असे नाही. मात्र तेव्हा निवड म्हणजे नोकरी. रेल्वे, महाराष्ट्र पोलीस, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र, देना बँक अशा आस्थापनांचे संघ होते, आणि खेळाडूच्या कोट्यातून एखादी जागा निघाली की अर्ज, दाखले आणि शिफारशी घेऊन मुले धावत. वर्धा, सेवाग्राम आणि पुलगाव ही तिन्ही स्थानके मध्य रेल्वेच्या वाटेवरची, तेव्हा रेल्वेत लागणे हे आमच्याकडील खेळाडूचे सहज स्वप्न होते. त्या पद्धतीत एक गुण होता, आणि तो आज विसरला जातो: प्रशिक्षक मुलाला वर्षानुवर्षे सामन्यांतून पाहत असे, म्हणून न नोंदलेले कामही त्याच्या ध्यानात राही. तिच्यात वशिल्याचा दोषही होता आणि तो लहान नव्हता. शिवाय विदर्भाचा संघ राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्रापासून स्वतंत्र उतरतो, त्यामुळे आमच्या मुलांना संधीचे एक निराळे दार असते खरे, पण मुंबई–पुण्याच्या मैदानांवर पारखी नजरा जितक्या असतात तितक्या इकडे वळत नाहीत.

लिलावाने वशिल्याची जागा आकड्यांना दिली. हिंगणघाटच्या बाजारात अडत्या जसा मूठभर कापूस हाती घेऊन धागा ताणून पाहतो आणि बोली बोलतो, तसे येथे खेळाडूचे आकडे ताणून पाहिले जाऊ लागले. आणि जे आकड्यांत उतरत नाही ते हातून निसटले. चौथ्या हंगामापूर्वी, २०१६ मध्ये, बंगळुरू बुल्सने मोहित छिल्लरसाठी ५३ लक्ष रुपये मोजले आणि त्या वर्षीचा सर्वांत महागडा खेळाडू बचावपटू ठरला, हे आज सांगितले तर नव्या प्रेक्षकांना नवल वाटेल. २०१७ मध्ये संघ आठांवरून बारा झाले, स्पर्धा वाढली, आणि सुरजीत सिंग या उजव्या कव्हरला बंगाल वॉरियर्सने ७३ लक्ष दिले. कव्हरची किंमत कधीच झाली नाही असे म्हणणे म्हणूनच अयथार्थ होईल. पण सुरजीतची धडक ही प्रेक्षणीय होती, ती स्वतःच्या नावे गुण मिळवीत होती, आणि भाव झाला तो त्या दृश्य पराक्रमाचा.

त्याच वर्षी गुजरात फॉर्च्युनजायंट्स हा नवा संघ उतरला, आणि त्याच्या बचावाविषयी मला थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. कोपऱ्यांत फझल अत्राचली आणि अबोझार मिघानी हे इराणी खेळाडू, तर आत सुनील कुमार आणि परवेश भैंसवाल ही दोन तरुण मुले. सारा बोलबाला इराण्यांचा झाला. पण पुढच्या वर्षी फझलला यु मुंबाने १ कोटी रुपये देऊन नेले आणि तरीही गुजरात पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले, तेव्हा प्रशिक्षक मनप्रीत सिंग यांनी कोणत्या पायावर घर बांधले होते हे उघड झाले: तो पाया म्हणजे उजवीकडे सुनील, डावीकडे परवेश, आणि त्या दोघांमधील न बोलता चालणारा समन्वय. एकाने अडवावे, दुसऱ्याने त्याच क्षणी कंबर धरावी; कोण आधी हलणार हे चढाईपटूला कळू नये. असा समन्वय दोन स्वतंत्र बोलींत विकत मिळत नाही, तो सरावाने आणि सहवासाने येतो, आणि म्हणूनच कव्हरची निवड ही एका व्यक्तीची निवड नसून एका जोडीची निवड असते.

गुजरातचे दोन्ही अंतिम सामने मात्र हातचे गेले. २८ ऑक्टोबर २०१७ रोजी चेन्नईत पाटण्याने ५५–३८ असे हरविले. परदीप नरवालची डुबकी अडविणाऱ्याच्या छातीखालून, गुंफलेल्या हातांच्या साखळीखालून निसटत असे, आणि ब्लॉकचे सारे शास्त्र उभ्या माणसासाठी रचलेले असल्यामुळे वाकून जाणाऱ्यापुढे ते हतबल ठरले. ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत पवन सेहरावतने चढाईतून २२ गुण घेतले आणि बंगळुरूने ३८–३३ अशी बाजी मारली. या दोन रात्रींचा परिणाम लिलावाच्या गृहावर दीर्घकाळ राहिला असे मला वाटते. चढाईपटूच अजिंक्यपद आणतो ही समजूत रूढ झाली. २०२१ मध्ये परदीपला १ कोटी ६५ लक्ष, २०२२ मध्ये पवनला २ कोटी २६ लक्ष, आणि २०२३ मध्ये त्यालाच २ कोटी ६० लक्ष ५० हजार मिळाले. दोघेही असामान्य खेळाडू, त्यांना मिळालेल्या धनाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती निष्कर्षाविषयी.

कारण त्याच काळात मैदानावर काही निराळेच घडत होते. नवव्या हंगामात जयपूर पिंक पँथर्सने पुणेरी पलटणला ३३–२९ असे नमवून अजिंक्यपद मिळविले, आणि त्या संघाचा कर्णधार होता सुनील कुमार. दहाव्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरविले. मोहम्मदरेझा शादलूने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळविले आणि त्याची कीर्ती न्याय्यच आहे, परंतु डाव्या कोपऱ्यातल्या त्याच्या बेधडक झेपा ज्यांच्या आधारावर घेतल्या जात होत्या ते संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन हे दोन कव्हर किती लोकांच्या स्मरणात आहेत? अकराव्यात हरियाणाने पाटण्याला ३२–२३ असे हरविले. कर्णधार जयदीप दहिया, जागा डावा कव्हर, प्रशिक्षक पुन्हा तेच मनप्रीत सिंग. २०१७ च्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ९३ गुण झाले होते, दहाव्या हंगामात ते ५३ आणि अकराव्यात ५५ होते. एकेका सामन्यावरून सिद्धान्त मांडू नये हे खरे, तरी सलग तीन वर्षे निर्णायक रात्री बचावाच्या बाजूने झुकल्या, आणि त्यांतील दोन संघांचे नेतृत्व कव्हरकडे होते, ही गोष्ट योगायोगाच्या खात्यावर टाकण्यासारखी नाही.

अमेरिकेतील फुटबॉलमध्ये लिलाव नसून पाळीपाळीने खेळाडू निवडण्याची पद्धत १९३६ पासून चालत आली आहे, आणि तेथे ‘टाइट एंड’ नावाची जी जागा आहे तिचा इतिहासही काहीसा असाच दिसतो. चेंडू झेलणारा टाइट एंड लवकर उचलला जातो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून देण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांना अंगावर घेणारा, अडविणारा टाइट एंड सात फेऱ्यांच्या उत्तरार्धापर्यंत थांबतो किंवा निवडीशिवायच राहतो. संपत्ती, साधने, चित्रणाची यंत्रे यांची तेथे वाण नाही, तरी अडविण्याच्या कामाचे मोल ठरविताना तेथील निवडकर्तेही चाचपडतात.

आमच्याकडे जाग अगदीच आली नाही असे नाही. २०२४ च्या लिलावात यु मुंबाने सुनील कुमारसाठी १ कोटी १ लक्ष ५० हजार रुपये मोजले, आणि परवेशही त्याच संघात येऊन जुनी जोडी पुन्हा एकत्र आली. पण २०२५ मध्ये बचावावर पडलेल्या मोठ्या बोली पाहाव्यात: शादलू २ कोटी २३ लक्ष, अंकित जगलान १ कोटी ५७ लक्ष ३० हजार, योगेश दहिया १ कोटी १२ लक्ष ५० हजार. तिघेही कोपऱ्यातले.

हे सारे लिलावगृहातले. परंतु तेथे जे आकडे वाचले जातात त्यांची सवय गावच्या गुणपत्रकातच लागते. जिल्ह्यातील स्पर्धांचे संयोजक, पंच आणि क्रीडाशिक्षक यांच्याकडे माझी एक साधी मागणी आहे. गुणलेखकाच्या तक्त्यात चढाई, बोनस आणि पकड यांच्याशेजारी ‘आधार’ असा एक रकाना आखावा. प्रत्येक पकडीत पहिला हात कोणाचा आणि वाट अडविली कोणी, ही दोन्ही नावे त्यात लिहावीत, आणि जिल्ह्याचा संघ निवडताना त्या रकान्याची बेरीज निवड समितीपुढे ठेवावी. त्यासाठी यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. एक जागरूक लेखनिक आणि पट्टीने ओढलेली एक उभी रेघ पुरेशी आहे.