भाजलेला रुग्ण आणि सिस्टरचे दोन प्रश्न

भाजलं की गार पाणी ओतायचं, टूथपेस्ट किंवा शाई लावायची नाही, एवढं आपण वर्गात शिकलोय. आज त्याच्या पुढचं बघू.

आपल्या फुलसावंगीतून जास्त भाजलेला माणूस यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नाहीतर नांदेडला न्यावा लागतो. तिथे मुक्काम कित्येक आठवड्यांचा. डॉक्टर राउंड घेऊन जातात. ड्रेसिंग, सलाईन, रात्रीचं इंजेक्शन मात्र सिस्टरच्या हातचं. म्हणून रुग्णाचं मन खचतंय का, हे तिलाच आधी कळू शकतं. त्यासाठी नुसता अंदाज पुरत नाही. गप्प पडलेला रुग्ण 'शहाणा' वाटतो, त्रास देत नाही ना!

यासाठी पीएचक्यू नावाची प्रश्नावली आहे. तिचे पहिले दोन प्रश्न असे: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का? उदास, निराश वाटतं का? 'अजिबात नाही' ला ०, 'काही दिवस' ला १, 'निम्म्याहून जास्त दिवस' ला २, 'जवळजवळ रोज' ला ३ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली, की पूर्ण ९ प्रश्न विचारतात. त्यात २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले, तर मानसोपचार तज्ज्ञाला दाखवायचं. गुण म्हणजे निदान नव्हे, ते डॉक्टरच करतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. त्याला 'हो' आलं तर बेरीज कितीही असो, लगेच डॉक्टरांना कळवायचं. असं विचारल्याने ते विचार डोक्यात येतात, ही भीती खोटी आहे.

आता खरी अडचण. झोप नाही, भूक नाही, थकवा आहे, हे ९ प्रश्नांमध्ये येतं. पण भाजलेल्या माणसाची झोप तर जखमेनेच उडालेली असते. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांना इथे जास्त महत्त्व.

दुसरी अडचण त्याहून मोठी. खाटेपाशी सासू, नवरा उभे. 'स्टोव्हचा भडका उडाला' एवढंच ती बाई बोलते. कधी ते खरंही असतं. पण सगळ्यांसमोर विचारून 'बरं आहे सिस्टर' याशिवाय दुसरं काय ऐकू येणार? नातेवाइकांना औषध आणायला पाठवून, पडदा ओढून, तिच्याच बोलीत विचारावं लागतं: 'ताई, जीवाला कसं वाटते?' एका वॉर्डात इतके रुग्ण असताना हे सोपं नाही, हेही मान्य करायला हवं.

असे प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी असंच विचारत.

एकदा विचारून भागत नाही. वॉर्डात जगण्याची धडपड असते. आरशात चेहरा नीट बघणं, लोकांच्या नजरा हे सगळं घरी गेल्यावर सुरू होतं. म्हणून पुन्हा तपासणीला आल्यावर परत विचारायचं. मधल्या काळात टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं.